आधी काय पाहायचं? ॲनिमे, मांगा आणि क्रमाचा प्रश्न



ॲनिमेवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न कथेबद्दल येत नाही, चित्रांबद्दलही येत नाही. तो ठरलेला असतो: "सर, ही मालिका कुठून सुरू करू?" मग दुसरा येतो: "हा सिनेमा दुसऱ्या सीझनच्या आधी की नंतर?" आणि तिसरा, जरा घाबरत: "फिलर सोडले तर चालतील ना?"

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. पहिला भाग आधी, दुसरा नंतर, यात विचारायचं काय? पण चाहते यावर तासन्‌तास वाद घालतात आणि माझ्या मते त्यांचं चुकत नाही. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा एकदाच पाहता येते. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा शेवट माहीत असलेले तुम्ही पाहत असता. त्यामुळे क्रम सांगणारा माणूस समोरच्याच्या त्या एकुलत्या एक पहिल्या वेळेबद्दल निर्णय घेत असतो. असा निर्णय मी एकदा फार ऐटीत घेतला होता आणि तो चुकला. ते नंतर सांगतो. आधी मुळात हा गोंधळ होतो कशामुळे, ते पाहू.

आठवड्याला एकोणीस पानं

बहुतेक मोठ्या ॲनिमे मालिका मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेल्या असतात. 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात एका मांगाचं एक प्रकरण येतं, साधारण एकोणीस-वीस पानांचं. ॲनिमेचा एक भाग जाहिराती आणि गाणी वगळली तर वीस-बावीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात साधारण दोन प्रकरणं संपतात.

आता हिशोब करा. मांगा तीन वर्षं आधी सुरू झालाय, म्हणजे दीडशेच्या आसपास प्रकरणं शिल्लक आहेत. ॲनिमे दर आठवड्याला दोन खातं, लेखक दर आठवड्याला एक नवीन देतो. म्हणजे अंतर आठवड्याला एकाने कमी होतं. दीडशे आठवड्यांत, तीन वर्षांच्या आतच, ॲनिमे लेखकाच्या पाठीशी येऊन उभं राहतं. पुढचं पान अजून काढलेलंच नाही! लेखकाला पळवता येत नाही, तो आधीच रात्री जागवतोय.

'नारुतो'चं अगदी असंच झालं. मासाशी किशिमोतो यांचा मांगा १९९९ मध्ये सुरू झाला, ॲनिमे २००२ मध्ये. बरोबर तीन वर्षांचं अंतर. १३५ भाग होईपर्यंत शिल्लक संपत आली. मग १३६ पासून २२० पर्यंत जवळजवळ सगळे भाग मांगात नसलेले, दूरचित्रवाणीसाठी रचलेले. यालाच फिलर म्हणतात. दीड वर्षाहून जास्त काळ प्रेक्षक दर आठवड्याला टीव्हीसमोर बसत होता आणि मूळ कथा तसूभर पुढे सरकत नव्हती. (हशा) २००७ मध्ये 'शिप्पुदेन' सुरू झालं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणजे फिलर हा आळस नव्हे. तो एक वेळ काढण्याचा मार्ग आहे. ॲनिमेने मांगाला गाठलं की तीनच मार्ग उरतात. एक, फिलर घाला. दोन, आपला शेवट आपणच लिहा. तीन, थांबा.

एकाच कथेचे दोन शेवट

दुसऱ्या मार्गाचं सर्वांत चांगलं उदाहरण 'फुलमेटल अल्केमिस्ट'. हिरोमु आराकावा यांचा हा मांगा २००१ पासून एका मासिकात येत होता. लक्षात घ्या, साप्ताहिक नव्हे, मासिक. २००३ मध्ये बोन्स स्टुडिओने ॲनिमे सुरू केलं तेव्हा गाठणं अटळ होतं. म्हणून ५१ भागांच्या त्या मालिकेने मध्यावर वेगळी वाट धरली: वेगळे खलनायक, वेगळं रहस्य, वेगळा शेवट. २००५ चा 'शाम्बाला' सिनेमा या मालिकेचा पुढचा भाग आहे.

मग २००९ मध्ये त्याच स्टुडिओने 'ब्रदरहुड' काढलं, मांगाबरहुकूम, ६४ भाग. मांगाचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये आलं आणि ॲनिमेचा शेवटचा भाग जुलैमध्ये. इतकं नेमकं जुळलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

इथे नवीन माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, २००३ ची पहिली, २००९ ची दुसरी, म्हणजे 'ब्रदरहुड' हा सिक्वेल. तसं नाही. ती एकाच मुळातून फुटलेली दोन झाडं आहेत. 'ब्रदरहुड' पाहून लगेच 'शाम्बाला' लावलात तर काहीच कळणार नाही, कारण तो दुसऱ्या झाडाचं फळ आहे. माझं मत विचाराल तर वेळ असेल त्याने २००३ ची मालिका आधी पाहावी. कारण सुरुवातीचे जे प्रसंग प्रेक्षकांनी आधी पाहिले होते, ते 'ब्रदरहुड' भराभर उरकतं. एका विशिष्ट माणसावर जीव जडायला जो वेळ लागतो, तो पहिल्या मालिकेत मिळतो. कोणता माणूस ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांचे चेहरे मला इथून दिसतायत. (हशा)

तिसरा मार्ग, थांबण्याचा, आज रूढ झालाय. जपानी दूरचित्रवाणीचं वर्ष चार तिमाह्यांत विभागलेलं असतं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका तिमाहीत बारा-तेरा भाग बसतात, त्याला 'कूर' म्हणतात. एक-दोन कूर करायचे, थांबायचं, पुरेसा मांगा साठला की परत यायचं. फिलर कमी झाले. पण त्यामुळे नवा घोळ झाला, तो नावांचा.

नावावर विश्वास ठेवू नका

जपानी निर्माते दुसऱ्या सीझनला सरळ 'दोन' म्हणतीलच असं नाही. 'के-ऑन!' या मालिकेचा दुसरा सीझन म्हणजे 'के-ऑन!!'. फरक एका उद्गारचिन्हाचा. (हशा) 'अटॅक ऑन टायटन'चा 'अंतिम सीझन' डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला. तो अंतिम सीझन संपला नोव्हेंबर २०२३ मध्ये!

'ड्रॅगन बॉल' घ्या. अकिरा तोरियामांचा मांगा १९८४ ते १९९५ असा एकाच नावाने चालला. त्यात 'झी' वगैरे काही नाही. ॲनिमेने त्याचे दोन तुकडे केले: 'ड्रॅगन बॉल' आणि 'ड्रॅगन बॉल झी'. त्यानंतर आलेली 'जीटी' मांगात नाहीच. २०१५ ची 'सुपर' 'झी'च्या नंतर आली, पण तिची कथा घडते 'झी'च्या अगदी शेवटच्या काही भागांच्या आधी. आणि २०२४ ची 'दाइमा' 'सुपर'च्याही आधीच्या काळात घडते. म्हणजे कथेतल्या काळानुसार पाहायचं ठरवलंत तर 'झी' संपत आलेली असताना मध्येच थांबवून सर्वांत शेवटी बनलेली मालिका लावावी लागेल. असं करू नका.

सिनेमांचंही तसंच. पूर्वी 'नारुतो' किंवा 'वन पीस'चे सिनेमे म्हणजे बहुतेक वेळा बाजूच्या स्वतंत्र गोष्टी असायच्या. सोडले तरी फरक पडत नसे. 'डीमन स्लेअर'ने हे बदललं. २०२० चा 'मुगेन ट्रेन' हा पहिल्या सीझनचा थेट पुढचा भाग होता. त्याने जपानच्या तिकीटखिडकीवर 'स्पिरिटेड अवे'चा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी तीच कथा टीव्हीसाठी सात भागांत आली. दोन्हींपैकी एक पाहिलंत की झालं. पण दोन्ही वगळून पुढे गेलात तर एक मोठी घटना तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे हिंदीतही लागला, तेव्हा किती जण थेट तिकीट काढून गेले आणि पहिला अर्धा तास शेजाऱ्याला "हा कोण?" विचारत बसले, हे मी स्वतः पाहिलंय. शेजारी मीच होतो.

तीन क्रम

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कुठल्याही मालिकेला किमान तीन क्रम असतात. पहिला, कथेत घटना ज्या क्रमाने घडतात तो. दुसरा, मूळ मांगा किंवा कादंबरी ज्या क्रमाने छापली गेली तो. तिसरा, ॲनिमे ज्या क्रमाने दाखवलं गेलं तो. बऱ्याचदा तिन्ही सारखेच असतात. ते वेगळे होतात तेव्हाच भांडण सुरू होतं.

सर्वांत गाजलेलं भांडण 'हारुही सुझुमिया'चं. नागारू तानिगावा यांच्या कादंबऱ्यांवरून क्योतो ॲनिमेशनने २००६ मध्ये १४ भागांची मालिका केली. पहिला भाग लागला आणि लोक चक्रावले. हलता कॅमेरा, वाईट अभिनय, तुटक कथा. मालिका इतकी फसलीय? नाही. तो शाळकरी मुलांनी स्वतः काढलेला हौशी सिनेमा होता आणि तो त्यांनी का काढला हे पुढे कळतं. कालक्रमाने तो भाग अकरावा आहे! पुढेही भाग असेच पुढे-मागे. प्रत्येक भागाच्या शेवटी हारुही पुढच्या भागाचा कालक्रमातला क्रमांक सांगायची आणि निवेदक क्योन प्रसारणातला क्रमांक सांगून तिला खोडून काढायचा. म्हणजे प्रेक्षकांचं भांडण मालिकेनेच आधी घालून ठेवलं होतं.

हे केवळ चमत्कृतीसाठी होतं का? बघा. पहिल्या कादंबरीची कथा सहा भागांची आहे. कालक्रमाने लावलं तर कळस सहाव्या भागात येतो आणि उरलेले आठ भाग उतरणीचे, शेवट एका शांत पावसाळी दिवसावर. प्रसारणक्रमात ते सहा भाग विखुरलेले आहेत आणि कळस येतो चौदाव्या, शेवटच्या भागात. शिवाय मधल्या छोट्या गोष्टींत या मुलांमधली जवळीक आपल्याला आधीच दिसलेली असते, त्यामुळे शेवटचा प्रसंग जास्त भिडतो.

२००९ मध्ये ही मालिका पुन्हा दाखवली गेली, १४ नवे भाग घालून, एकूण २८, या वेळी कालक्रमाने. त्या नव्या भागांत सलग आठ भाग जवळजवळ एकच कथा सांगतात. दर वेळी चित्रं नव्याने काढलेली, आवाज नव्याने दिलेले, पण गोष्ट तीच. आठ आठवडे! प्रेक्षक संतापले. आज नवीन प्रेक्षकाला आपण सांगतो, पहिला, दुसरा आणि आठवा पाहा, बाकी सोड. मीही सांगतो. पण २०१० च्या 'डिसअपिअरन्स' सिनेमात एका पात्राचा थकवा कळायला ते आठ आठवडे ज्यांनी भोगले, त्यांना तो जास्त कळला, हेही खरं.

चौदा भाग आणि एक गणित

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ मध्ये इंटरनेटवर एका अनामिक चाहत्याने प्रश्न टाकला: हारुहीचे १४ भाग शक्य त्या प्रत्येक क्रमाने पाहायचे झाले तर कमीत कमी किती भाग पाहावे लागतील?

तीन भागांवर करून बघू. तीन भागांचे सहा क्रम होतात. प्रत्येक वेगळा पाहिला तर अठरा भाग. पण एका क्रमाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं होऊ शकतं. १-२-३-१-२-१-३-२-१ असं पाहा. नऊ भागांत सहाही क्रम येऊन जातात. घरी जाऊन बोटांवर मोजा.

चौदा भागांना किती? एका अनामिक माणसाने तिथेच सिद्ध केलं की किमान ९३ अब्ज ८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११ भाग तरी लागतीलच. हा गणितातला जुना, अवघड प्रश्न होता आणि त्याचं हे उत्तर सात वर्षं तसंच पडून राहिलं. २०१८ मध्ये गणितज्ञांच्या ते लक्षात आलं, त्यांनी सिद्धता तपासली, नीट लिहून काढली आणि लेखकांच्या यादीत पहिलं नाव दिलं त्या अनामिकाचं. त्याच वर्षी ग्रेग इगन या विज्ञानकथालेखकाने वरची मर्यादा शोधली: ९३ अब्ज ९२ कोटींच्या आसपास भागांत हे नक्की जमेल. नेमका आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. चोवीस मिनिटांचा एक भाग धरला तर न झोपता चाळीस लाख वर्षांहून जास्त लागतील. (हशा) तेव्हा "मी सगळे क्रम पाहून मग ठरवतो" हा पर्याय बाद. निवड करावीच लागते.

माझी चूक

आता ते कबूल करायचं राहिलंय.

'फेट स्टे नाइट' हा मुळात २००४ चा, वाचत खेळायचा संगणकीय खेळ आहे. लेखक किनोको नासु. त्यात एकाच युद्धाच्या तीन वाटा आहेत. पहिली संपल्याशिवाय दुसरी उघडत नाही, दुसरीशिवाय तिसरी नाही. म्हणजे लेखकाने क्रमाला कुलूपच घातलं होतं, कारण प्रत्येक वाट आधीच्या वाटेवरचा तुमचा विश्वास हलवते. 'फेट झीरो' ही गेन उरोबुची यांनी नंतर, २००६-०७ मध्ये, लिहिलेली कादंबरी. कथा दहा वर्षं आधीची. म्हणजे प्रीक्वेल. तिचं ॲनिमे २०११ मध्ये आलं आणि अत्यंत देखणं आलं.

माझ्या भाचीने विचारलं, "मामा, फेट कुठून सुरू करू?" मी म्हटलं, "झीरो. काळाने पहिली तीच, चित्रंही उत्तम." तिने पाहिली, खूप आवडली. मी खूश. पुढे तिसऱ्या वाटेचे, 'हेव्हन्स फील'चे सिनेमे आम्ही घरी बरोबर पाहिले. त्यात एका मुलीबद्दलचं सत्य हळूहळू उलगडत जातं. भाची शांत बसलेली. मध्येच म्हणाली, "हे मला झीरोतच कळलंय की. त्याला कळायची वाट बघत बसायचं फक्त." मग थोड्या वेळाने, "तुला कळलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं?"

मला ते सांगता येईना. जे वाटलं होतं ते वाटण्याची तिची संधी मी आधीच खर्च करून टाकली होती. आणि तिला न विचारता.

प्रीक्वेल काळाने आधीचा असला, तरी तो लिहिला जातो शेवट माहीत असलेल्या वाचकासाठी. हे मला माहीत होतं. पण "काळाने पहिलं" हे ऐकायला इतकं तर्कशुद्ध वाटतं की मी थांबून विचारच केला नाही. न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. 'झीरो'मुळेच 'फेट'कडे वळलेले पुष्कळ लोक आहेत आणि नायकाच्या आधी आपल्याला माहीत असण्यातही एक वेगळा ताण असतो. पण तो ताण हवा की धक्का हवा, हे पाहणाऱ्याने ठरवायचं.

मग करायचं काय?

माझे चार साधे ठोकताळे आहेत. काहीच माहीत नसेल तर प्रदर्शित झालेल्या क्रमाने पाहा. बनवणाऱ्यांनी प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला काय माहीत आहे असं धरलंय, ते त्या क्रमात जुळतं. दुसरं, प्रीक्वेल नंतर. तिसरं, सिनेमा लावण्याआधी एवढंच शोधा: ही पुढची कथा आहे, बाजूची आहे, की झालेल्याचं संकलन? पुढची असेल तर सोडू नका, संकलन असेल तर खुशाल सोडा. चौथं, फिलर सोडलेत तर पाप लागत नाही.

आणि सांगणाऱ्यांसाठी एकच: बाणांनी भरलेला तक्ता देऊ नका. एक नाव द्या. "हे पाहा, आवडलं तर पुढचं सांगतो." तक्ता बघून न पाहिलेल्या मालिका पुष्कळ आहेत. आपल्यातल्या अनेकांनी पहिलं ॲनिमे दूरदर्शनवर पाहिलं, 'जंगल बुक', ते जपानी आहे हेही माहीत नसताना. शेर खानला नाना पाटेकरांचा आवाज होता, एवढं पुरेसं होतं. एखादा रविवार चुकला तर चुकला. प्रेम करायला क्रम लागत नाही. क्रम लागतो तो धक्का सांभाळायला.

प्रश्नोत्तरं

*मांगा आधी वाचावा की ॲनिमे आधी पाहावं?*

ॲनिमे आधी पाहिलंत तर मांगा वाचताना पात्रांचे आवाज कानात असतात, हा फायदा. मांगा आधी वाचलात तर वेग तुमच्या हातात असतो. पण ॲनिमे जिथे थांबलंय तिथून मांगा उचलायचा असेल तर दोन-चार प्रकरणं मागून सुरू करा. जुळवताना ॲनिमेवाले प्रसंग मागे-पुढे करतात. आणि पानं उजवीकडून डावीकडे वाचा. हसू नका, मी पहिला मांगा उलटा वाचला होता. शेवट आधी कळला!

*पूर्ण न झालेली मालिका सुरू करावी का? लेखक गेला तर?*

हा प्रश्न मला वाटतं तुम्ही 'बर्सर्क' मनात धरून विचारलात. केन्तारो मिउरा यांनी १९८९ पासून तो काढला आणि ६ मे २०२१ रोजी ते गेले, वयाच्या ५४ व्या वर्षी. कथा अपुरी. वाचकांना वाटलं, संपलं. पण त्यांचे जुने मित्र, मांगाकार कोउजी मोरी यांना मिउरांनी कितीतरी वर्षांपूर्वी पूर्ण कथा तोंडी सांगितली होती. जून २०२२ पासून मिउरांच्या स्टुडिओतल्या मदतनीसांनी चित्रं आणि मोरींनी देखरेख, असं काम पुन्हा सुरू झालं. मिउरांनी जे सांगितलं होतं तेवढंच देणार, स्वतःचं घालणार नाही, अशी मोरींची भूमिका आहे.

तर सुरू करावी का? मी म्हणेन, करावी. पूर्ण होण्याची वाट बघत बसलात तर दर महिन्याला इतरांबरोबर वाट पाहण्यातलं सुख जातं. सुरुवातीला मी म्हटलं की पहिली वेळ एकदाच येते. ज्यांनी ती प्रकरणं एकेक करून वाचली, त्यांना ती पहिली वेळ बत्तीस वर्षं पुरली.

*तुमच्या भाचीने पुढे काय केलं?*

तिने मला एक मालिका सुचवली. नाव सांगितलं, बाकी काही नाही. मी विचारलं, सिनेमा आधी की नंतर? ती म्हणाली, "मामा, तू बघ तर."